नव्या ई-ट्रकची सबसिडी जुन्या ट्रकपासून सुरू होते

काही महिन्यांपूर्वी उरणकडचे एक गाडीमालक माझ्याकडे आले. दोन ट्रेलर, दोन्ही न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरच्या भाड्यावर. म्हणाले, "इलेक्ट्रिक घोडा घ्यायचाय. केंद्राचे नऊ लाख मिळतात म्हणे, तेवढा फॉर्म भरून द्या." ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आपल्याकडे घोडाच म्हणतात, तेव्हा बोलणं सरळ होतं. मी विचारलं, "जुनी कुठली गाडी मोडणार?" ते हसले. "एक तर आधीच काढली की. भंगारवाल्याला दिली, रोखीत." कागद मागितला तर खिशातून एक चिठ्ठी निघाली. साध्या कागदावर वजन आणि रक्कम, खाली न वाचता येणारी सही.

त्या चिठ्ठीवर नऊ लाखांची वाट अडली. वर ती मोडलेली गाडी आरटीओच्या दफ्तरी अजून त्यांच्याच नावावर जिवंत होती.

तेव्हापासून मी ही माहिती सांगताना उलटीकडून सुरुवात करतो. शोरूमला मागाहून जा, आधी आपल्या अंगणातली सगळ्यात म्हातारी गाडी बघा. पण ते सांगण्याआधी योजना काय आहे हे थोडक्यात सांगायला हवं, कारण अर्धवट ऐकीव माहितीवर लोक बुकिंगची रक्कम भरून मोकळे होतात.

पैसा कुठला आणि किती

योजनेचं नाव पीएम ई-ड्राइव्ह. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ती लागू झाली. एकूण रक्कम १०,९०० कोटी रुपये. त्यातला मोठा वाटा इलेक्ट्रिक बसचा, २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगचे, आणि ट्रकांच्या वाट्याला ५०० कोटी. आधीच्या फेम-२ योजनेत ट्रक नव्हतेच, त्यामुळे मालवाहू ट्रकाला केंद्राचा थेट पैसा मिळण्याची ही पहिलीच खेप. ट्रकांचे सविस्तर नियम जुलै २०२५ मध्ये अवजड उद्योगमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी जाहीर केले.

मुदत आधी ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. ट्रक, बस आणि रुग्णवाहिकांसाठी ती पुढे ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवली. मात्र मुदत लांब दिसते म्हणून निवांत बसू नका. ही ठरावीक रकमेची योजना आहे, पैसा संपला की खिडकी बंद, मग कॅलेंडरवर कितीही महिने उरलेले असोत. सरकारने अंदाज धरलाय सुमारे ५,६०० ट्रकांचा. त्यातले साधारण १,१०० दिल्लीत नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी बाजूला ठेवलेत, अंदाजे १०० कोटींचे. उरलेला देश बाकीच्यात.

एवढा पैसा ट्रकावर का? सरकारचाच आकडा आहे की देशातल्या एकूण वाहनांत डिझेल ट्रक फक्त ३ टक्के, पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के. हा झाला हवामानाचा हिशेब. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या रस्त्यावर संध्याकाळी घशात जे बसतं ते याहून निराळं: काजळीचे बारीक कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. बीएस म्हणजे गाडीच्या धुराला घातलेली सरकारी मर्यादा, आकडा जितका मोठा तितकी ती कडक. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत फिल्टर आणि धूर साफ करणारं युरियाचं द्रावण आल्यामुळे ते बरंच कमी झालं. खरा धूर सोडतात त्या जुन्या बीएस-३, बीएस-४ गाड्या.

म्हणूनच सरकारने अट घातली: नवी इलेक्ट्रिक घ्या, पण त्या बदल्यात एक जुनी मोडल्याचा पुरावा द्या. नाहीतर काय होतं ते आपण पाहतोच. मुंबईतून काढलेला ट्रक धुळ्याला जातो, धुळ्याहून आणखी आत, आणि धूर फक्त पत्ता बदलतो. ही कल्पना आपल्याकडची नवी नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९९८ पासून कार्ल मॉयर नावाचा कार्यक्रम चालू आहे. तिथेही सरकारी पैसा घेऊन नवं इंजिन घेतलं, तर जुनं कायमचं निकामी करावं लागतं.

पहिली पायरी: तुमची गाडी यात बसते का

योजनेत दोन वर्ग आहेत. एन-२ म्हणजे साडेतीन टनांच्या वर आणि १२ टनांपर्यंत पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर असलेलं एकूण वजन, असलेले ट्रक. एन-३ म्हणजे १२ टनांच्या वरचे, ५५ टनांपर्यंत. छोटा हत्ती, पिकअप वगैरे साडेतीन टनांच्या आतल्या गाड्या ट्रकांच्या या ५०० कोटींत येत नाहीत. सीएनजी आणि एलएनजीवरचे ट्रकही नाहीत, बीएस-६ डिझेल तर नाहीच. ट्रेलर असेल तर पैसा फक्त घोड्यावर. मागच्या सांगाड्यावर छदामही नाही.

हायड्रोजनवरच्या ट्रकांबद्दल हल्ली बरेच जण विचारतात, कारण पुणे-मुंबई रस्त्यावर त्यांच्या चाचण्यांच्या बातम्या आल्या. तो राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा प्रायोगिक प्रकल्प आहे, मोठ्या कंपन्यांना दिलेला. तुम्हा-आम्हाला अर्ज करण्यासारखं त्यात काही नाही.

इलेक्ट्रिक ट्रक आहे म्हणून सबसिडी आपोआप मिळते असंही नाही. कंपनीने तो मॉडेल योजनेखाली नोंदवलेला असावा लागतो, आणि त्यासाठी त्याची तपासणी होते: सुटे भाग देशात किती बनतात, बॅटरी किती, वॉरंटी किती. अशा तपासण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. तेव्हा शोरूमला पहिला प्रश्न हा विचारा: "हाच मॉडेल, याच बॅटरीसह, पीएम ई-ड्राइव्हच्या यादीत आहे का?" उत्तर "प्रोसेसमध्ये आहे" असं आलं तर चहा प्या आणि उठा. बुकिंग यादीत नाव आल्यावर.

दुसरी पायरी: किती मिळेल ते स्वतः काढा

तीन आकडे काढायचे आणि त्यातला सगळ्यात लहान तुमचा.

पहिला आकडा, बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरला, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या विजेच्या दर युनिटला, ५,००० रुपये. दुसरा, गाडीच्या एक्स-फॅक्टरी किमतीच्या १० टक्के. कर, विमा धरून येणारी ऑन-रोड नव्हे, कारखान्यातून निघतानाची एक्स-फॅक्टरी. तिसरा, वजनाप्रमाणे घातलेली कमाल मर्यादा. साडेतीन ते साडेसात टनांपर्यंत २.७ लाख, साडेसात ते १२ टनांपर्यंत ३.६ लाख, १२ ते साडेअठरा टनांपर्यंत ७.८ लाख, साडेअठरा ते ३५ टनांपर्यंत ९.६ लाख, आणि त्यावर ५५ टनांपर्यंत ९.३ लाख.

समजा सात टनांचा ट्रक आहे, बॅटरी ६० किलोवॉट-अवर, एक्स-फॅक्टरी किंमत २५ लाख. बॅटरीच्या हिशेबाने ३ लाख होतात, किमतीच्या हिशेबाने अडीच लाख, मर्यादा २.७ लाख. हातात अडीच. आता ५५ टनांचा घोडा घ्या, बॅटरी २८२ किलोवॉट-अवर. बॅटरीच्या हिशेबाने १४ लाखांच्या वर जातं, कोटीच्या पुढच्या किमतीच्या १० टक्केही १० लाखांच्या पुढे, पण मर्यादा ९.३ लाखांवर थांबते. म्हणजे मोठ्या गाडीत १८६ किलोवॉट-अवरच्या पुढच्या बॅटरीला सरकार एक रुपयाही देत नाही. "मोठी बॅटरी घ्या, सबसिडी जास्त बसेल" असं कोणी सांगितलं तर हा भागाकार त्याच्यासमोर करून दाखवा.

आणखी एक. हा पैसा तुमच्या खात्यात येत नाही. कंपनी बिलातच तेवढी रक्कम कमी करते आणि मग सरकारकडून वसूल करते. तेव्हा "आता पूर्ण भरा, सबसिडी आली की देऊ" हा प्रकार मान्य करू नका. बिलावर सबसिडीची ओळ वेगळी, आकड्यासह दिसली पाहिजे.

तिसरी पायरी: जुनी गाडी रीतसर मोडा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

लागणारा कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. बाजारात त्याला नुसतं सीडी म्हणतात. हे प्रमाणपत्र रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नियमांखाली नोंदलेलं स्क्रॅपिंग केंद्रच देऊ शकतं. त्याला आरव्हीएसएफ म्हणतात, आणि २०२१ च्या नियमांनंतर ही केंद्रं सुरू झाली. कुर्ल्याचा किंवा भिवंडीचा नेहमीचा भंगारवाला कितीही ओळखीचा असला, तरी तो सीडी देऊ शकत नाही. केंद्राची नोंदणी चालू आहे का, हे मंत्रालयाच्या पोर्टलवरच्या यादीत बघा. दुकानाच्या पाटीवर जाऊ नका.

गाडी केंद्रात न्यायच्या आधी चार गोष्टी साफ करून घ्या. एक, आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा, म्हणजे एचपी. कर्ज फिटून वर्षं झाली तरी एचपी उतरवलेली नसते, असं निम्म्या गाड्यांत निघतं. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र शोधण्यात कधीकधी महिनाही जातो, कारण ज्या शाखेतून कर्ज घेतलं ती शाखाच बंद झालेली असते. दोन, थकलेला कर. तीन, ई-चलन. ड्रायव्हर बदलत गेले, मोबाइल नंबर बदलला, आणि चलनं साठत राहिली. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून एकदा बघाच, आकडा बघून डोळे पांढरे होतात. चार, पोलिसांत किंवा न्यायालयात त्या गाडीवर काही प्रकरण चालू आहे का. अपघाताचा दावा प्रलंबित असेल तर गाडी मोडता येत नाही, कारण तीच पुरावा असते.

हे सगळं झालं की ऑनलाइन अर्ज, केंद्राकडून तपासणी, गाडी ताब्यात, आणि मग सीडी. पैसे बँकेतून येतात. पुढे गाडी प्रत्यक्ष कापली की मोडल्याचं वेगळं प्रमाणपत्रही मिळतं, ते जपून ठेवा, आणि आरटीओत नोंदणी रद्द झाली का ते पोर्टलवर स्वतः तपासा. सीडी हातात येणं म्हणजे नोंदणी रद्द होणं नव्हे.

रोखीवाला किलोमागे दोन-तीन रुपये जास्त देतो, हे खरं आहे. आठ टन लोखंडावर किलोमागे तीन रुपये जास्त धरले तर २४,००० होतात. त्या २४,००० पायी समोरचे नऊ लाख सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. त्यांना कोणी हा हिशेब सांगितलाच नव्हता, आणि भाडं थांबलेल्या महिन्यात रोख रक्कम रोखच दिसते.

जुनी गाडीच नसेल तर? किंवा आमच्या उरणकरांसारखी आधीच गेली असेल? सीडी विकत घेता येते. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या डिजी ईएलव्ही या पोर्टलवर तिची खरेदी-विक्री चालते. दुसऱ्याने आपला ट्रक रीतसर मोडला, त्याला नवा घ्यायचा नाही, तर तो आपली सीडी विकतो. किंमत मागणीप्रमाणे खालीवर होते. दोन्ही बाबतीत, स्वतःची सीडी असो वा विकतची, मोडलेल्या गाडीचं पासिंग नव्या गाडीला पुरतं का हे डीलरकडून लेखी घ्या. सात टनांच्या ट्रकाच्या सीडीवर ५५ टनांचा घोडा मागायला गेलात तर फजिती होणारच.

चौथी पायरी: रूटचा हिशेब

हे प्रकरण योजनेच्या कुठल्याच पत्रकात नसतं, आणि गाडी घ्यावी की नाही हे यावरच ठरतं.

आकडे उदाहरणाचे घेतो, तुम्ही तुमचे घाला. डिझेल घोडा ४५ लाखांना पडतो समजा. इलेक्ट्रिक १ कोटी १५ लाखांना. सबसिडी ९.३ लाख गेली तरी फरक साधारण ६० लाखांचा राहतो. भरलेला डिझेल घोडा लिटरला अडीच किलोमीटर देतो, डिझेल ९० रुपये, म्हणजे किलोमीटरला ३६ रुपये. इलेक्ट्रिकला भरलेल्या अवस्थेत किलोमीटरला १.४ युनिट लागतात असं धरू. आपल्याच यार्डात १० रुपये युनिटने चार्ज केलं तर १४ रुपये. किलोमीटरमागे २२ रुपये वाचले. ६० लाखांना २२ ने भागा: २ लाख ७३ हजार किलोमीटर. एवढं पळाल्यावर बरोबरी, तीही व्याज न धरता.

आता तुमची गाडी दिवसाला किती पळते? न्हावा शेवा ते भिवंडी साधारण ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. वर्षाला ३०० दिवस धरले तर ३६,००० किलोमीटर, म्हणजे बरोबरीला साडेसात वर्षं. दोन फेऱ्या झाल्या, दिवसाला अडीचशेपर्यंत गेलात, तर पावणेचार वर्षांच्या आत. योजनेने कंपन्यांवर बॅटरीची ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल त्याची वॉरंटी बंधनकारक केली आहे. गाडी आणि मोटरची ५ वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर. मी म्हणतो, बरोबरी बॅटरीच्या वॉरंटीच्या आत झाली पाहिजे. पाच वर्षांत २ लाख ७३ हजार म्हणजे दिवसाला निदान १८० किलोमीटर. त्याच्या खाली असाल तर सबसिडी मिळूनही गाडी तुम्हाला ओढत नेईल.

आणि हे सगळं यार्डातल्या विजेवर. बाहेरच्या चार्जरवर २० रुपये युनिट पडलं तर किलोमीटरला २८ रुपये, वाचले फक्त आठ. मग बरोबरीला साडेसात लाख किलोमीटर. तो हिशेब पुढे करायची गरजच नाही.

म्हणून घोड्यासारखी मोठी गाडी ठरलेल्या रूटवर, ठरलेल्या फेऱ्यांवर, रात्री यार्डात परतणाऱ्या धंद्यातच बसते. सिमेंट कारखाना ते ग्राइंडिंग युनिट, स्टील प्लांट ते गोदाम, बंदर ते कंटेनर यार्ड. स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाने दोन वर्षांत १५० ई-ट्रक घेण्याचं ठरवलं ते यातूनच. न्हावा शेवा बंदराने सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे ५० जड इलेक्ट्रिक ट्रक बंदराच्या आतल्या कामाला लावले, आणि आतल्या सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के डिसेंबर २०२६ पर्यंत इलेक्ट्रिक करायचं उद्दिष्ट ठेवलं. आतलं काम म्हणजे रूट ठरलेला, अंतर छोटं, गाडी चोवीस तास हलती. नाशिकला कांदा, तिथून मिळेल ते रिटर्न भाडं, मग इंदूर, असा धंदा असेल तर अजून दोन-चार वर्षं थांबा. माझं स्पष्ट मत.

ज्याच्या मालाची वाहतूक करणार त्याच्याकडून फेऱ्यांची लेखी हमी घेता आली तर उत्तम. मोठ्या कंपन्यांना आपल्या अहवालात हरित वाहतूक दाखवायची असते. ती गरज त्यांची आहे, तेव्हा तिची किंमत भाड्याच्या दरात किंवा कराराच्या मुदतीत मागायला लाजू नका. शिवाय बॅटरीचं वजन दोन टनांच्या पुढे जातं, तेवढा माल कमी बसतो. कंटेनरमध्ये कापूस किंवा फर्निचर असेल तर फरक पडत नाही. स्टीलची कॉइल असेल तर प्रत्येक फेरीत पडतो.

पाचवी पायरी: वीज, गाडीच्या आधी

गाडी बुक करायच्या आधी महावितरणकडे जा. २८२ किलोवॉट-अवरची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला सुमारे १७० युनिट लागतात. ६० किलोवॉटच्या चार्जरवर तीन तास, २४० च्या चार्जरवर तासाभरात. चार्जर मोठा हवा असेल तर उच्चदाबाची जोडणी आणि बहुधा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याला महिने लागतात. मंजूर भारावर स्थिर आकार लागतो, गाडी उभी राहिली तरी. त्यामुळे दोन गाड्यांसाठी २४० चा चार्जर घेणं म्हणजे दोन माणसांसाठी लग्नाचं पातेलं चढवणं. चार्जिंगचा वीजदर वेगळ्या वर्गात येतो, तो अर्ज करतानाच मागा. नाहीतर व्यापारी दराचं बिल येतं आणि मग ते बदलून घ्यायला खेटे. रात्रीचे आणि दिवसाचे दर वेगळे असतील तर वेळापत्रक त्यावर लावा.

जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती लागते. कळंबोली, तळोजा पट्ट्यात निम्मे यार्ड भाड्याचे आहेत. हे शेवटी लक्षात येतं आणि सगळं अडतं.

सहावी पायरी: बुकिंग ते नंबर प्लेट

आता शोरूम. योजनेची सर्वसाधारण पद्धत अशी: खरेदीच्या वेळी पोर्टलवर ग्राहकाची आधार पडताळणी होते, ई-व्हाउचर तयार होतं, त्याची लिंक मोबाइलवर येते. त्यावर सही करून तुम्ही डीलरला देता, डीलर सही करून पोर्टलवर चढवतो, आणि सही झालेलं व्हाउचर दोघांना परत मिळतं. कंपनीला सरकारकडून पैसे मिळायचे तर हे व्हाउचर हवंच. म्हणून मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा द्या, शोरूमच्या पोराचा नको. आधारशी जोडलेला नंबर चालू आहे का ते आदल्या आठवड्यात बघा. आरसी, पॅन, जीएसटी आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच असावं. मी आजवर अडकलेली बहुतेक प्रकरणं पाहिली ती एका अक्षरापायी.

कर्जाच्या बाबतीत बँका अजून बिचकतात. पाच वर्षांनी जुन्या इलेक्ट्रिक ट्रकाला बाजारात काय किंमत येईल हे कोणालाच ठाऊक नाही, मग ते पदरची रक्कम जास्त मागतात. फेऱ्यांचा लेखी करार इथेही उपयोगी पडतो.

करांत बरीच सूट आहे, ती भराभर सांगतो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. डिझेल ट्रकावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, त्याआधी २८ होता. ज्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही त्यांना हा फरक सरळ खिशात. महाराष्ट्राचं इलेक्ट्रिक वाहन धोरण मे २०२५ च्या शासन निर्णयाने आलं, ते ३१ मार्च २०३० पर्यंत चालेल, आणि त्यात राज्यात नोंदणी होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. त्याच धोरणात मूळ किमतीवरही सवलती आहेत. तुमच्या वर्गाला किती आणि किती गाड्यांपुरती शिल्लक आहे, हे खरेदीच्या दिवशी विचारा, आणि हाती येईपर्यंत ती हिशेबात धरू नका. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, केंद्राने ती सूट २०१८ मध्येच दिली आहे. विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर १५ टक्के सवलत आहे. पाटी हिरवी, आकडे पिवळे.

टोलबद्दल मात्र गैरसमज फार आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरची माफी इलेक्ट्रिक कार आणि बसना आहे. मालवाहू गाडीला नाही. एका मालकाने टोलचे वाचणारे पैसे धरून हप्ता ठरवला होता. तो कागद आम्हाला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

गाडी आली की ड्रायव्हरला दोन दिवस कंपनीच्या माणसासोबत पाठवा. घाट उतरताना ब्रेकऐवजी पाय उचलून गाडी रोखली की बॅटरीत वीज परत जाते, हे ज्याला जमतं त्याच्या आणि ज्याला जमत नाही त्याच्या युनिटच्या आकड्यात चांगलाच फरक दिसतो. बंदराच्या गेटवर चार तास रांगेत उभं राहिलं तरी इंजिन धडधडत नाही, हे ड्रायव्हर लोकांना सगळ्यात आधी आवडतं.

उरणचे मालक परवा पुन्हा आले होते. दिवसाला एकच भिवंडी फेरी होत होती, तिच्यावर हिशेब बसत नाही हे त्यांनी वहीत मांडून स्वतःच मला दाखवलं. आता रात्रीच्या दुसऱ्या फेरीसाठी एका गोदामवाल्याशी बोलणं चाललंय. दुसरा ट्रेलर बीएस-३ चा, पंधरा वर्षांचा. त्याच्यावर अजून एचपी आहे, कर्ज फिटून सहा वर्षं झाली तरी. फायनान्सवाल्यांची पनवेलची शाखा बंद झाली, फाइल आता ठाण्यात आहे म्हणतात. सोमवारी आम्ही दोघं ठाण्याला जाणार आहोत.